डमी लाँचर : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

१६ जून २०२५

वेल्डरच्या सरांनी आज पुन्हा तोच विषय काढला. मी वीस वर्षं हवाई दलात शस्त्रांकडचा फिटर होतो, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. गावाच्या लेखी मात्र भूदल काय नि हवाई दल काय, सगळी ‘मिल्ट्री’च. सरांची तक्रार अशी, की आयटीआयची पोरं कानस चांगली चालवतात, वेल्डिंगही बरं करतात. पण देखभाल म्हणजे मोडल्यावर दुरुस्त करणं, ही समजूत काही केल्या जात नाही. यातली दोघं-तिघं ओझरच्या विमानाच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून जायचं म्हणतात, बाकीची भरतीच्या मागं. काहीतरी दाखवा म्हणाले.

मी हेलिकॉप्टरच्या क्षेपणास्त्र लाँचरची डमी सुचवली. सर हसले. इंजिन का नको, म्हणाले. इंजिनाला सगळेच घाबरतात, म्हणून जपतात. लाँचर लांबून नुसतं लोखंडी मचाण दिसतं. त्यामुळं कुणी त्यावर पाय ठेवतं, कुणी पाना ठेवतं, कुणी जॅकेट टांगतं. आत मात्र वायरिंग, स्प्रिंगा, कनेक्टर, इलेक्ट्रॉनिक्स सगळं भरलेलं. दिसतं दांडगं आणि असतं नाजूक, असं शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

माझी अट एकच. सेवेत जे हाताळलं त्याचे कागद, आकडे, तपासणीचे तक्ते यातलं काही इथं येणार नाही. जगाला माहीत आहे तेवढ्यावरच काम. आणि आपल्या डमीतून उडणारं काही नाही, ठिणगीसुद्धा नाही.

२१ जून

नमुना हेलफायर या अमेरिकी क्षेपणास्त्राच्या चार रेलच्या लाँचरचा घेतला. दोन रेल वर, दोन खाली, सगळं हेलिकॉप्टरच्या आखूड पंखाखाली टांगलेलं. अपाची या अमेरिकी लढाऊ हेलिकॉप्टरला असे चार लाँचर लागतात, म्हणजे सोळा क्षेपणास्त्रं. एकेक क्षेपणास्त्र साधारण १६३ सेंटीमीटर लांब, व्यास १७८ मिलिमीटर, वजन ४५ ते ४९ किलो.

पोरांना फळ्यावर काढून दाखवलं. क्षेपणास्त्राच्या पाठीवर बूट असतात, ते रेलवर सरकवून बसवायचे. एक लॅच त्याला धरून ठेवते. रॉकेट मोटर पेटली आणि तिचा जोर ठरावीक मर्यादेपुढं गेला की लॅच सोडते आणि ते रेलवरून सुटतं. तोवर हेलिकॉप्टर किती का थरथरेना, धरून ठेवायचं काम त्या लॅचचं. विजेची बोलणी एका प्लगमधून. म्हणजे रेल, लॅच, प्लग. तिन्हींपैकी एक रुसलं की हवेत गेलेलं हेलिकॉप्टर तेवढ्यापुरतं बिनहत्यारी.

निलंग्याच्या पोरानं व्यास ऐकला आणि म्हणाला, “सर, आमच्या विहिरीच्या पाइपलाइनीचा पाइप १८० चा हाय की.” खरंच की. शेतीच्या पीव्हीसीत १८० मिमी मिळतो. दोन मिलिमीटरचा फरक मी माफ केला. अशी गंमत वर्षात एकदाच होते.

२७ जून

पाइपात वाळू भरली, दोन्ही तोंडांना बाभळीच्या लाकडाचे गोल ठोकले. काठोकाठ भरली तर फार जड होते, म्हणून पाऊण भरून वर भुसा. आडतीवर नेऊन तुरीच्या काट्यावर ठेवलं. ४७ किलो. हमाल म्हणाले, ह्यात काय माल हाय? पोरांनी छाती काढून सांगितलं. हमालांचा विश्वास बसला नाही, ते बरंच झालं.

४ जुलै

चौकट जोडली. चौकोनी पाइप, १६ गेज. वेल्डिंगच्या उष्णतेनं एक बाजू ओढली गेली, खालच्या दोन रेल एकमेकींशी समांतर राहिल्या नाहीत. सर म्हणाले, चालतंय. मी म्हणालो, नाही चालत. कापून परत.

१२ जुलै

वाळूजहून आलेल्या भंगारात जुन्या सीएनसी मशीनचे गोल कनेक्टर मिळाले. एकाचे चाळीस रुपये. त्यांच्या टोप्या नव्या घ्याव्या लागल्या, एकीचे पासष्ट. “मालकापेक्षा टोपी महाग,” देवणीचा पोरगा म्हणाला. त्याला तसंच म्हणू दिलं, लक्षात राहील.

टोपीवर आज तासभर गेला. लाँचरवर प्लग लावलेला नसेल तेव्हा कनेक्टरवर टोपी हवी, प्लगच्या तोंडावरही हवी. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ मार्चपासून जूनपर्यंत कुठं जात नाही ते सांगा. दुसरं, उघड्या पिनांना बोट लागलं तर अंगातली स्थिर वीज आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला डसू शकते, आणि ती डसली तर डोळ्यांना काही दिसत नाही. टोपी नायलॉनच्या तंगूसानं कनेक्टरलाच बांधली. सुटी टोपी खिशात जाते आणि खिशातून घरी.

एक प्रसंग सांगितला. तळाचं नाव सांगत नाही. एकदा एक स्टेशन, म्हणजे शस्त्र टांगायची एक जागा, हवं तसं उत्तर देईना. रात्रभर आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बदलत होतो, हा काढ, तो लाव. पहाटे एका ज्येष्ठानं टॉर्च घेऊन प्लगच्या तोंडात पाहिलं. एक पिन वाकलेली, केसाएवढी. आदल्या दिवशी कुणीतरी प्लग तिरका धरून जोर दिला होता. प्लग ‘बसत नाही’ म्हणतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. बाहेर काढायचा, पाहायचा, खाचेला खाच मिळवायची, मग फिरवायचा. तळहातानं ठोकायचा नाही.

कुणी ठोकला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

२३ जुलै

आज वर्गात कामच झालं नाही. काल भूदलाच्या पहिल्या तीन अपाची दिल्लीजवळ हिंडनला उतरल्या, सगळ्यांच्या मोबाइलवर तेच. हवाई दलानं २२ घेतल्या, त्यांतल्या पहिल्या आठ ३ सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटला दाखल झाल्या. भूदलानं सहा घेतल्या, करार २०२० चा. एवढ्या वर्षांनी आल्या. पोरांना आपलं ‘प्रचंड’ हे लढाऊ हेलिकॉप्टरही सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात आलं, आपल्याच देशात बनवलेलं. हेलिकॉप्टरवरून सोडायचं आपलं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र हेलिना, पल्ला सात किलोमीटर. त्याचा लाँचर वेगळ्या जातीचा, पण धूळ, ओल आणि माणसाचा हात हे तिन्ही वैरी तेच.

“सर, आपण बनवलालाव ते अपाचीला बसंल का?” औशाचा पोरगा. सगळे हसले. तो मात्र गंभीर होता.

३१ जुलै

रेल बसल्या. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून ॲल्युमिनिअमचं जाड चॅनल आणलं होतं.

सकाळी येऊन पाहतो तर चारही रेल तेलानं चकाकताहेत. कुणीतरी रात्री इंजिन ऑइल चोळलं होतं, प्रेमानं. सरकावं म्हणून. ओरडलो नाही. रेलवर चिमूटभर माती टाकली आणि बोट फिरवायला लावलं. कानशीच्या भुश्यासारखी काळी लापशी झाली. खऱ्या रेलवर कोरडा लेप असतो, तोच वंगणाचं काम करतो. त्यावर तेल घातलं की ते धूळ धरून ठेवतं आणि लेप खरवडायला लागतं. तेल म्हणजे चांगलं, ही आपली शेतीतली सवय. पाण्याच्या मोटारीला, तिफणीच्या चाकाला ते चालतं. इथं कागद सांगेल तेच आणि तेवढंच.

आता खरं दुखणं. रोजच्या तपासणीसाठी मी एक वही आखून दिली होती. रेल १ ते ४, लॅच, कनेक्टर, टोप्या, बोल्ट, पेंट, शेरा, सही. आज ३१ तारीख. वही ५ ऑगस्टपर्यंत भरलेली. सगळीकडं ‘ठीक’. शेऱ्यात ‘ठीक’. तेल लावलेल्या दिवशीही रेलपुढं ‘ठीक’. पुढच्या पाच दिवसांचं भविष्य या पोरांना कसं कळलं, ते विचारलं. कुणी वर पाहीना.

७ ऑगस्ट

पान फाडलं नाही. लाल शाईनं आडवी रेघ मारून ठेवली, दिसू दे.

आज कापसाची तपासणी शिकवली. पोरांच्या आया वातीसाठी ठेवतात तसा घरचा कापूस आणवला. हलका झुबका घेऊन रेलवरून ओढायचा. जिथं धार, बुरी (धातूची उठलेली कड) किंवा ओरखडा असेल तिथं एक तंतू अडकतो. डोळ्यांना चौथी रेल निर्दोष दिसत होती, कापसानं तीन जागा दाखवल्या. देवणीच्या पोरानं खडूनं खुणा केल्या आणि मग दोन्ही हातांची पाच-पाच बोटं त्यावर फिरवून पाहिली. ह्या पोराच्या हातात काहीतरी आहे.

१८ ऑगस्ट

पाऊस थांबायला तयार नाही. मुखेडकडून आज वाईट बातम्या आल्या, एकाचं आजोळ तिकडं आहे, तो सकाळीच निघाला.

बाकीच्यांनी लाँचर जपावा म्हणून मेणकापडात गच्च गुंडाळून वर सुतळी बांधली. चांगल्या मनानं केलं. दुपारी सोडून दाखवलं. आतून कापड घामेजलेलं, थेंब खाली कनेक्टरवर. ओली हवा आत कोंडली आणि तिला बाहेर जायला वाट नाही. झाकण असं हवं की पाऊस अडावा आणि हवा खेळावी. जिथं हवाबंदच ठेवायचं असतं, तिथं डब्यात ओल शोषणारे दाणे आणि ओल दाखवणारा रंगीत कागद असतो. हे ‘अर्धं बंद’ सगळ्यात वाईट.

कनेक्टर सुकवायला एकानं वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची नळी आणली. आधी स्वतःच्या तळहातावर सोड म्हणालो. पाणी आणि तेलाचे शिंतोडे. टाकीतलं पाणी महिनोन्महिने कुणी काढलेलं नाही. ते काढायचं कुणाच्या वहीत आहे का, विचारलं. नाही. कॉम्प्रेसरलाही वही आखली.

२२ ऑगस्ट

पोळा. सुट्टी.

१ सप्टेंबर

शेडमधला पंखा बंद पडला, दुरुस्त करायला एकजण लाँचरवर चढला. बुटासकट. शिडी दहा पावलांवर होती. वरच्या डाव्या रेलला मधोमध पोचा आला. पट्टी लावून पाहिलं तर दीड मिलिमीटर.

खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटलं. जे मी दोन महिने तोंडानं सांगत होतो ते घडलं, आणि डमीवर घडलं. खऱ्या लाँचरवर ‘पाय ठेवू नका’ असं लिहिलेलं असूनही माणसं चढतात. कारण आखूड पंखाजवळ पोचायला तेच हाताशी असतं. रेलला पोचा आला तर क्षेपणास्त्राचा बूट अडखळेल. म्हणजे एका बुटामुळं दुसरा बूट. (हा विनोद कुणाला कळला नाही.)

पोरं रेल हातोडीनं सरळ करायच्या तयारीत. नको. बदलायची. ठोकून सरळ केलेली धातूची पट्टी दिसायला सरळ असते.

जो चढला होता त्यानं वहीत लिहिलं : ‘रेल १ खराब झाली.’ आपोआप झाली की काय? पण निदान ‘ठीक’ नव्हतं.

९ सप्टेंबर

चढवणं-उतरवणं. दोघं दोन टोकांना, तिसरा रेलजवळ, चौथा बोलणारा. बोलणाऱ्यानं हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. तो म्हणेल ‘उचल’, बाकीचे म्हणतील ‘उचल’, मगच उचलायचं. पहिल्यांदा पोरांना हसू आवरेना. सत्तेचाळीस किलो बोटावर आले असते तर आवरलं असतं. चौथ्या फेरीला आवाज एक झाला.

प्लगच्या वायरीला धरून उचलायचं नाही. लॅच बोटानं वाजवून खेळायचं नाही, तिची स्प्रिंग गोट्या खेळायला दिलेली नाही. बोल्ट कसताना पान्याला पाइप लावायचा नाही. एकानं लावलाच, ॲल्युमिनिअममधले आटे उपटून आले. ट्रॅक्टरच्या मेकॅनिककडून टॉर्क पाना दोन दिवसांसाठी मागून आणला. त्याचा ‘कट’ असा आवाज आला की थांबायचं. न थांबता आणखी एक झटका देणारे चार निघाले.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर लाँचर मैदानात मांडला. हैदराबादच्या निजामाचं राज्य १९४८ साली याच दिवशी संपलं. पाहुण्यांच्या भाषणात पोलीस ॲक्शन आली, रझाकार आले, मग आमचा लाँचर आला. दोन म्हाताऱ्यांनी पाइपावर हात फिरवून पाहिला. एकानं विचारलं, “ह्याच्यात पाणी येतं का?” पाइप त्यांनी बरोबर ओळखला.

लहान पोरांनी दोन टोप्या लांबवल्या. तंगूस दातानं तोडला असावा.

२९ सप्टेंबर

गेले आठ दिवस मराठवाड्यात पाण्यानं जे केलं त्यावर मी इथं काय लिहू. सोयाबीन गेलं. वर्गातल्या सहाजणांची रानं खरवडून गेली, माती उरली नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पोरं तेव्हा पहिली-दुसरीत असतील.

शेडमध्ये घोटाभर पाणी शिरलं होतं. लाँचर घोडीवर होता म्हणून भिजला नाही, पण आठ दिवस त्या हवेत उभा होता. ॲल्युमिनिअमच्या रेलमध्ये जिथं जिथं साधे लोखंडी बोल्ट गेले आहेत, त्यांच्या गळ्याभोवती पांढरी भुकटी. पोरांना वाटलं चुना. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, की दोघांत विजेचा छोटा खेळ सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनिअम झिजतं. पेंटचा एखादा टवका उडालेला दिसला की ‘रंगच तर गेलाय’ म्हणून सोडायचं नसतं ते यासाठी. रंग शोभेचा नव्हे, ओल आणि धातू यांच्यामधली भिंत आहे.

चारच पोरं आली होती. काम करून घेतलं नाही. एक बोल्ट काढून हातोहात फिरवला, चहा पाजला, घरी पाठवलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मला उशीर झाला आणि पूजा होऊन गेली होती.

लेथला हार, ड्रिलिंग मशीनला हार, बेंचवाइसला कुंकू. लाँचरला सगळ्यात मोठा हार. चारही रेलना हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, अक्षता, वर नारळ फोडून पाणी शिंपडलेलं. दोन कनेक्टर उघडेच होते, १७ तारखेला गेलेल्या टोप्या अजून आणलेल्या नव्हत्या. त्यांच्या पिनांत कुंकू.

आता काय बोलावं? हत्याराला हात जोडायची रीत मीही पाळलेली आहे. खंडेनवमीला पाना उचलायचा नाही, हेही पाळलंय. आजोबा तिफणीची पूजा करायचे, पण त्याआधी तिचं चाडं पालथं करून, नळ्यांत काडी घालून कुठं माती अडकली आहे का बघायचे. फण घासूनपुसून मग कुंकू, तेही दांडीला. बी जिथून पडतं तिथं कधी कुंकू लावलेलं मी पाहिलं नाही. हे पोरांना सांगितलं. आजोबांना यंत्रशास्त्राचा गंध नव्हता, पण कुठं बोट लावायचं नि कुठं नाही एवढं कळत होतं.

कुंकू काढायला औशाच्या पोरानं कनेक्टरात तोंडानं फुंकर मारली. थुंकी गेली. दुसऱ्यानं खोडरबर काढला. पिनांवर पातळ मुलामा असतो, खोडरबर तो खरवडून नेतो. आधी मऊ कोरडा ब्रश, तोंड खाली करून. मग कागदात सांगितलेलं क्लीनर. मग टॉर्च. मग टोपी. पण हे सगळं उद्या नाही, परवा. उद्या दसरा, आणि आज पाना उचलायचा नाही.

वहीत आज कुणी लिहिलं नव्हतं. मीच लिहिलं : ‘कनेक्टर २, ३ मध्ये कुंकू. टोप्या १४ दिवस नव्हत्या. आणायचं काम माझं होतं.’ सही.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर शेड उघडलं. टोप्या आल्या आहेत, सगळ्या लागलेल्या. फक्त लॅचच्या मागच्या बाजूला एक भोक आहे, त्याला झाकण करायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुंभारीण माशीनं तिथं मातीचं घर बांधलंय. सुबक, गोल, पक्कं. लॅच हलेना.

१९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी अडली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता आणि संशय याच जातीच्या माशीवर होता. विमान काही दिवस उभं होतं आणि नळ्यांवर झाकणं नव्हती. हे सांगितल्यावर वर्ग पहिल्यांदाच असा गप्प झाला. मातीचं घर देवणीच्या पोरानं अख्खं काढलं आणि खिडकीत ठेवलं.

सायंकाळी एकजण सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा फवारा आणायचा म्हणत होता, सगळं एकदम धुऊन काढू. दुसऱ्यानंच त्याला सांगितलं, “बेअरिंगात, कनेक्टरात पाणी घुसवलालास का? कपडा घे.” मी तोंड उघडलं नाही.

२२ नोव्हेंबर

शनिवार. शेडमध्ये कुणी नव्हतं. वही चाळली. १० तारखेपासून अक्षर बदलत गेलंय, घाई कमी झालीय. काही ‘ठीक’ आहेत, पण त्यांच्यापुढं वेळ आहे. एकाठिकाणी लिहिलंय, ‘अंधार होता, नीट दिसलं नाही, उद्या परत बघतो.’ दुसऱ्या दिवशी त्याच रेलपुढं ‘बघितली. ठीक.’

कालच्या पानावर देवणीच्या पोराचं :

‘कनेक्टर ३, पिन ७ वाकली. माझ्या हातून. प्लग तिरका लागला, जोर दिला. गुरुवारी झालं, लिहायचं धाडस आज झालं. लाँचर वापरू नये.’

खाली सही, आणि शेजारी मशीनवर बांधायच्या लाल चिठ्ठीचा नंबर. जाऊन पाहिलं. चिठ्ठी बांधलेली होती, टोपीच्या तंगूसालाच.

टोपी काढून टॉर्च मारला. सातवी पिन. केसाएवढी.

सोमवारी कनेक्टर बदलायचा. त्याच जातीचा आणखी एक भंगारवाल्याकडं होता, विकला नसेल तर. चाळीस रुपये.